तुला नाही, पंख्याला

शीलुओच्या जुन्या पेठेत ल्याउ किमथोचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान आहे. दुकान सगळ्या गावाला ठाऊक, पण दुकानाच्या मालकिणीला नाव आहे हे पेठेत कोणाच्या गावीही नव्हतं. म्हणजे नाव होतं हो. ओळखपत्रावर छापलेलं होतं, आणि माहेरच्या एका बहिऱ्या काकूच्या तोंडात होतं. आहोंग. आपल्याकडच्या 'अहो'ला शेपूट जोडावं तसं. पण गिऱ्हाइकं तिला मालकीणबाई म्हणत, मुलगी आणि जावई मा म्हणत, आणि नवरा म्हणायचा, "ए, ए."

नेहमी दोनदा. तुटक "ए, ए" म्हणजे पंखा हळू कर. लांबवलेलं "ए, ए" म्हणजे आता कर मोठा. शेवटाला खाकरणं जोडलं की चहा. वैतागलेलं असलं की चष्मा सापडत नाही असा अर्थ, आणि तो बहुतेक वेळा कपाळावरच असायचा. चाळीसहून जास्त वर्षांचा संसार या माणसाने एवढ्यावर रेटला. मुलीचं लग्न ठरवलं, दुकानाला रंग काढला, आईचे दिवस केले, दोनदा अबोला धरला आणि सोडलाही, सगळं "ए, ए"मध्ये. तसा तो काही दुष्ट नव्हता. त्याच्या बापाने त्याच्या आईला कधी नावाने हाक मारली नव्हती, आजोबांनी आजीला नव्हती. त्या पिढीच्या पुरुषांना बायकोचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे बनियनवर देवळात जाण्यासारखं वाटतं. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

औषधाच्या दुकानात पंखा ही मोठी नाजूक बाब असते. किमथो काउंटरवर पांढऱ्या कागदाचे चौकोन ओळीने मांडतो आणि प्रत्येकावर ज्येष्ठमध, दालचिनी, कसली कसली मुळं, मोत्याची पूड असं चिमटी-चिमटीने टाकत जातो. वारा जोरात असला की एकाच्या खोकल्याचं औषध दुसऱ्याच्या गुडघ्याला जातं. पंखा बंद ठेवावा तर बाकावर बसलेलं गिऱ्हाईक घामाने निथळून जातं. एसी त्याला पसंत नाही, एसीने म्हणे मुळांचा वास मरतो. म्हणून दिवसभर पंखा वर-खाली, वर-खाली. बरं, दुकानातले दोन आणि मागल्या स्वैपाकघरातला एक असे तिन्ही पंखे एकाच रेग्युलेटरवर, आणि तो रेग्युलेटर औषधांच्या कपाटामागे. किमथोच्या बापाने कधीतरी कपाट वाढवलं आणि भिंतीपर्यंत पोचायला हातभर बोळ तेवढी राहिली. त्या बोळीत किमथोचं पोट मावत नसे. आहोंग मावायची. झालं, लग्न होऊन आली त्या दिवसापासून पंख्याचं खातं तिच्याकडे.

आणि तिने ते असं सांभाळलं की पुष्कळदा "ए, ए" तोंडातून निघायच्या आतच पंखा हळू झालेला असायचा. किमथोला वाटायचं, आपला दरारा आहे.

मग एक दिवस बोळीतून बाहेर येताना एका खणाची पितळी कडी तिच्या गुडघ्यावर बसली. गुडघा टम्म सुजला. चार दिवस तिने लंगडत लंगडत पंखा वर-खाली केला, आणि पाचव्या दिवशी फोनवर बोलता बोलता ही गोष्ट ताइचुंगला राहणाऱ्या मुलीला, पेइशानला कळली. तिने बापाला फैलावर घेतलं. आईला पुन्हा त्या बोळीत पाठवलंत तर मी येऊन कपाटच तोडते, म्हणाली. किमथो म्हणाला, कपाट तुझ्या आजोबांचं आहे. ती म्हणाली, गुडघा माझ्या आईचा आहे.

पेइशानचा नवरा झोंगयान सायकलचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात होता. माणूस सालस, पण एक खोड होती. घरातली कुठलीही वस्तू मुकी दिसली की त्याला करमायचं नाही. दिवे, पडदे, भाताचा कुकर, सगळ्यांशी तो बोलायचा आणि ते त्याचं ऐकायचे. सासऱ्याच्या पंख्यांवर त्याचा डोळा होताच. रविवारी पेइशानची इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून तो एकटाच आला. खांद्याला पिशवी, पिशवीत साबणाच्या वडीएवढ्या तीन डब्या आणि एक लहानसा गोल स्पीकर.

किमथोने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "पंखा कधी कोणी कोणाला भेट देतं का? दुरावा येतो घरात."

तिकडे पंखा हा शब्द आणि ताटातूट हा शब्द कानाला जवळजवळ सारखाच लागतो, त्यामुळे शहाणी माणसं एकमेकांना पंखा देत नाहीत. दिलाच तर घेणारा एक नाणं हातावर ठेवतो, म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते.

"बाबा, पंखे तुमचेच आहेत," झोंगयान म्हणाला. "मी त्यांना फक्त कान बसवतोय."

किमथोने नाणं काही दिलं नाही. कानाला कशाला नाणं.

मेन स्विच बंद झाला. झोंगयान शिडीवर चढला, पंख्याच्या दांड्यावरची वाटी खाली सरकवली तेव्हा कितीतरी वर्षांची धूळ त्याच्या डोक्यावर पडली, त्यातून दिसणारे दोन डोळे मात्र आनंदाने चमकत होते. एकेका वाटीत त्याने एकेक डबी बसवली, वायरी जोडल्या. मग म्हणाला, जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर डब्या बिघडतील, तो काढून वायर सरळ जोडायला हवी. आणि इथे घोडं अडलं. झोंगयानचंही पोट बोळीत मावेना. दोन्ही पुरुष पोटं आवळून बोळीच्या तोंडाशी उभे राहिले आणि एकमेकांकडे पाहू लागले.

शेवटी आहोंगच गेली. सुजलेल्या गुडघ्यानिशी, हातात पेचकस घेऊन. जावई बाहेरून सांगत होता, डावीकडची वायर, आता दुसरी, आता पट्टी गुंडाळा मा. तिने सगळं चोख केलं आणि रेग्युलेटर काढून आणला. त्याची काळी मूठ बोटं लागून लागून गुळगुळीत झाली होती. ती तिने एप्रनच्या खिशात टाकली आणि जावयासाठी पेरू कापायला आत निघून गेली.

तेवढ्यात झोंगयानने गोल स्पीकर काउंटरवर ठेवला. "आता याला नाव हवं, बाबा. आधी नाव घ्यायचं, मग काम सांगायचं. निदान दोन आवाजांचं हवं, एका आवाजाचं तो धरत नाही." त्याने क्षणभर डोकं खाजवलं. "वाऱ्याला आपण होंग म्हणतो. लाडाने आहोंग. कसं वाटतं?"

किमथोच्या हातातला कागद तिथेच थांबला.

होंग म्हणजे वारा. आणि तोच होंग जरा सूर खाली नेऊन म्हटला की राजवाड्यांच्या छपरांवर असतो तो शुभ पक्षी, मुलींची नावं त्यावरून ठेवतात. माणसाच्या कानाला हा फरक लगेच कळतो. यंत्राला कसला कळतोय, त्याला दोन्ही सारखेच. तुम्ही विचाराल, जावयाला सासूचं नाव माहीत नव्हतं? कुठून असणार? लग्नपत्रिकेत छापलं होतं, पण स्वतःच्या लग्नाची पत्रिका कोणता नवरा वाचतो? त्याच्यासाठी ती मा होती. आणि किमथो सांगू शकला असता, की बाबा रे, हे तुझ्या सासूचं नाव आहे. पण त्याच्या जिभेला ती सवयच नव्हती. तो म्हणाला, "दुसरं काही नाही का?"

"का? यात काय वाईट आहे?"

"वाईट नाही," किमथो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे, ठीक आहे."

मग जावयाने वापर शिकवला. नाव घेऊन 'लवकर' म्हटलं की पंखे एक पायरी वर, 'हळू' म्हटलं की एक पायरी खाली. हे शब्द तिकडे वाऱ्यालाही लागतात आणि माणसालाही. ओरडायचं मात्र नाही. ओरडलं की त्याला कळत नाही. "गोड बोलायचं, बाबा. समजावून सांगितल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. किमथोने कागद मांडले, मोत्याच्या पुडीची बाटली उघडली आणि सवयीने म्हणाला, "ए, ए." पंखे फिरत राहिले. चिमूटभर मोती उडून त्याच्या मिशीत गेले. त्याने इकडे तिकडे पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं, रस्त्यावर समोरच्या सोया सॉसच्या दुकानातली स्यूहुआ पाठमोरी बरण्या पुसत होती. तो स्पीकरवर वाकला, घसा साफ केला, आणि सोळा वर्षांच्या पोरासारखा अडखळत हळूच म्हणाला, "आहोंग... जरा हळू."

पंखे हळू झाले. आणि स्वैपाकघराचा पडदा सरकवून आहोंग बाहेर आली.

हात ओले होते, एका हातात अर्धवट सोललेला मुळा होता. ती लंगडतच आली, पण भराभर आली. चेहरा असा झाला होता की किमथोने तो पूर्वी कधी पाहिला होता हे त्याला आठवेना. "काय?" ती म्हणाली. "काय म्हणालात?"

त्या घटकेला या माणसाने काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. चहा म्हणाला असता, चष्मा म्हणाला असता. पण किमथो खरं बोलला.

"तुला नाही," तो म्हणाला. "पंख्याला."

आहोंगने वर पंख्याकडे पाहिलं, मग हातातल्या मुळ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेली. मुळा त्या दिवशी फार बारीक चिरला गेला.

एवढ्यावर भागलं असतं तरी निभावलं असतं. पण किमथोची भीड चेपली. पहिले दोन दिवस तो कुजबुजत होता, मग मोकळेपणाने म्हणू लागला, मग त्यात रंगला. "आहोंग, हळू गं." "आहोंग, थोडं लवकर, आजोबांना उकडतंय." "बास, आहोंग, छान." यंत्राला गोडव्याशिवाय कळत नाही म्हटल्यावर त्याच्या आवाजात असा काही मध उतरला की बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. गिऱ्हाइकांनाही मजा वाटू लागली. टपालवाला सायकलवरून उतरता उतरता आत डोकावून म्हणायचा, "आहोंग, लवकर!" आणि वारा घेऊन पुढे जायचा. न्हावी म्हणायचा, मासळीवाला म्हणायचा. जे नाव एवढी वर्षं कोणाच्या तोंडी नव्हतं, ते आता पेठेतला कोणीही सोम्यागोम्या पुकारत होता, आणि दर वेळी स्वैपाकघरात बसलेल्या बाईचं डोकं दचकून वर व्हायचं.

मग स्यूहुआने तोंड घातलं. ती विधवा होती, जिभेची तिखट, आणि आहोंगची जुनी मैत्रीण. भाजी निवडायला म्हणून आली आणि हळूच विचारलं, "तुझ्या घरात ही आहोंग कोण आणून ठेवलीय गं त्याने? माझ्या दुकानापर्यंत लाड ऐकू येतात."

"ते माझं नाव आहे," आहोंग म्हणाली.

स्यूहुआने आ वासला. इतक्या वर्षांत मैत्रिणीचं नाव आपल्यालाही ठाऊक नव्हतं, याचा धक्का तिला पंख्यापेक्षा मोठा बसला. तिने आधी माफी मागितली, मग पोट धरून हसली, मग पुन्हा माफी मागितली.

त्या दुपारी जेवताना आहोंगने वाटी खाली ठेवली. कारल्याचं सूप होतं, मुळ्याचं ऑम्लेट होतं. ती म्हणाली, "पेइशानचे बाबा, एक विचारू?"

किमथो भात खाता खाता हुंकारला.

"मला एकदा नावाने हाक मारा. एकदाच. पंख्याला मारता तशी."

किमथोने घास गिळला. खरं सांगायचं तर त्याला म्हणायचं होतं. पण समोर पंखा नव्हता, समोर ती होती, आणि ती त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "ए, ए... ते लोणचं दे जरा."

आहोंगने लोणचं दिलं. मग उठून आत गेली आणि पिशवी भरू लागली. किमथो दारात उभा राहून बघत होता, तर तिने वळून न बघताच सांगितलं, की मी पेइशानकडे जाते आहे. तिने ते अजिबात आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"आणि इथलं?" त्याने विचारलं.

"तुमची आहोंग आहे ना वर लटकलेली. तिला सांगा भात लावायला."

ती दुपारच्या बसने गेली, नदीवरच्या लाल पुलावरून पलीकडे. किमथोने त्याच संध्याकाळी एक नाणं लाल पाकिटात घालून जावयाला पाठवून दिलं. उशीर झाला होता, पण भेटीचा अपशकुन निघाला तर बघावं. नाही निघाला.

त्यानंतरचे दिवस किमथोचे फार वाईट गेले. पंखे अगदी सांगितल्याबरहुकूम वागत होते, पण सांगितल्याशिवाय त्यांना काहीच कळत नव्हतं. दम्याच्या आजीबाई बाकाच्या कोपऱ्यात बसल्या की वारा कमी करायचा असतो, हे आहोंगला कळायचं. तो तराजू उचलणार हे तिला त्याच्या खांद्यावरून कळायचं. आता दर वेळी आधी नाव, मग काम. एकदा विसरून तो म्हणाला, "आहोंग, चहा," आणि स्पीकर अदबीने म्हणाला, हे मला समजलं नाही. किमथोने स्वतःच पाणी ठेवलं. भात रोज खाली लागत होता. चष्मा दोन दिवस सापडला नाही, आणि कपाळावर आहे हे सांगायला कोणी नव्हतं.

झोंगयानला इकडे पेइशानने सगळं सुनावलं होतं. तो बिचारा शरमेने अर्धा झाला. त्याने सासऱ्याला फोन केला आणि म्हणाला, बाबा, नाव मी इथे बसल्या बसल्या बदलतो, एका मिनिटाचं काम आहे.

"नको," किमथो म्हणाला.

"नको? अहो बाबा, त्यावरूनच तर सगळं झालं."

"राहू दे म्हटलं ना."

जावयाला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. तसं नव्हतं. गोष्ट अशी होती की किमथोला ते नाव घ्यायला आवडायला लागलं होतं. दिवसभर तो ते म्हणत होता आणि म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर पंखा येत नव्हता. लग्नात लाल पोशाखात खाली मान घालून बसलेली मुलगी येत होती, बोळीतून अंग चोरून बाहेर येणारी बाई येत होती, मुळा हातात धरून पडद्याआडून धावत आलेली ती येत होती. तिची त्याला फार आठवण येत होती. पंख्याचं नाव काढून टाकलं तर मग नाव घ्यायचं कोणाचं?

पण हे तिला सांगायचं कसं? फोन तो रोज करायचा. पेइशान उचलायची आणि आईकडे द्यायची. मग किमथो म्हणायचा, "ए, ए." आणि पलीकडून आवाज यायचा, "इथे या नावाचं कोणी राहत नाही." आणि फोन बंद.

असं चाललं असताना देवळाच्या जेवणावळीची ऑर्डर आली. पांढऱ्या मिरीची पूड हवी होती, ताजी दळलेली, चांगली परातभर. शीलुओत पांढरी मिरी घ्यावी तर किमथोकडून, एवढं त्याचं नाव आहे. त्याने पंखे सगळ्यांत खालच्या पायरीवर आणले, मिरी दळली आणि काउंटरवर मोठ्या परातीत पसरून ठेवली. देवळाची मंडळी पिशव्या घेऊन बाकावर बसली होती. टपालवाला होता. स्यूहुआ उगाचच आली होती. त्या मिरीकडे पाहता पाहता किमथोच्या मनात आलं, की जेवणावळीला दर वर्षी मिरीच्या पुड्या आहोंग बांधते. तिची गाठ अशी असते की एका बोटाने सुटते. यंदा आपण बांधणार, आणि लोक कात्री शोधणार. तेवढं त्याला पुरलं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

पेइशानने उचलला, आईकडे दिला.

"ए, ए," किमथो म्हणाला.

"इथे या नावाचं कोणी राहत नाही," आहोंग म्हणाली. पण या वेळी तिने फोन ठेवला नाही. का कोण जाणे. कदाचित त्याच्या आवाजात काही वेगळं असेल. ती थांबली होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

किमथोने दुकानभर नजर फिरवली. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले, मान लाल झाली. त्याने डोळे मिटले.

"आहोंग," तो म्हणाला. "लवकर ये."

काउंटरवरचा स्पीकर चमकला. तिन्ही पंखे एक पायरी वर चढले. परातीतली मिरी शहारली. किमथोला काही दिसलं नाही, त्याचे डोळे मिटलेले होते आणि एकदा धरण फुटल्यावर तो थांबणार थोडाच. "आहोंग, घर खायला उठतंय गं. लवकर ये. आहोंग, मला ते बाकी काही बोलता येत नाही, पण तू लवकर ये."

पंखे आणखी एक पायरी, मग आणखी एक पायरी चढून भिरभिरू लागले. परातभर मिरी उठली आणि दुकानभर पसरली. पहिली शिंक टपालवाल्याची. मग देवळाच्या मंडळींची, एकामागोमाग एक. कागदाचे चौकोन छताला भिडले. स्यूहुआ पदर नसलेली बाई, तिने समोरच्या म्हाताऱ्याची टोपी काढून नाकाला लावली. "पंखा," ती शिंकत शिंकत ओरडत होती, "अरे तिला हळू व्हायला सांग!"

किमथोने डोळे उघडले. डोळ्यांत मिरी गेली होती, नाकातून पाणी येत होतं, गालांवरून घळाघळा धारा लागल्या होत्या. सगळ्यांच्याच लागल्या होत्या, त्यामुळे कोणाच्या कशाच्या ते विचारायची सोय नव्हती. हातातला फोन त्याने सोडला नाही. पंखा हळू करायचा तर तेच नाव घ्यायला हवं होतं, आणि त्या नावाची बाई फोनवर ऐकत होती. तिला हळू म्हणायचं? आताच तर लवकर म्हटलं होतं. आणि मग त्याला एकदम तिचा गुडघा आठवला.

"आहोंग," तो म्हणाला, "हळू ये. बसमधून हळू उतर. आहोंग, हळू, गुडघा सांभाळून. घाई नाही, आहोंग, अगदी हळू."

पंखे एकेक पायरी उतरत खाली आले. दुकान शांत झालं. मिरी सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर बसली होती.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मग आहोंग म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा ओला होता, तिकडे तर मिरी नव्हती, "हे कोणाला म्हणालात? मला की पंख्याला?"

"तुला," किमथो म्हणाला.

देवळाची मंडळी शिंकायची थांबून ऐकत होती.

"पुन्हा म्हणा."

"तुला, आहोंग."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली. किमथो दुकान बंद ठेवून पुलाच्या अलीकडे थांब्यावर उभा होता, हे पेठेत अजून सांगतात. ती उतरली तेव्हा त्याने तिची पिशवी घेतली, जी त्याने आयुष्यात कधी घेतली नव्हती. आल्या आल्या तिने दुकानातली मिरी झाडली, देवळासाठी नवी दळून घेतली, आणि पुड्या बांधल्या.

झोंगयान पुढच्या रविवारी आला. या वेळी पेइशान बरोबर होती, लक्ष ठेवायला. किमथो त्याला म्हणाला, आता बदल त्या यंत्राचं नाव.

"काय ठेवू, बाबा?"

किमथोने आधीच ठरवून ठेवलं होतं. "ए, ए."

झोंगयानने समजावून पाहिलं, की हे नाव चांगलं नाही, सवयीने कोणीही म्हणेल आणि पंखे उगाच सुटतील. किमथो म्हणाला, दोन आवाज आहेत ना? मग ठेव.

तसंच झालं. सवय अशी एका आठवड्यात जाते थोडीच. अजूनही दिवसाकाठी कधीतरी किमथो मान खाली घालून कागद मांडता मांडता म्हणतो, "ए, ए, लवकर चहा," आणि वर तिन्ही पंखे सुसाट सुटतात, दालचिनी बाकावर आणि मोती मिशीत. आत आहोंग असते. गुडघा आता बरा आहे, एप्रनच्या खिशात ती गुळगुळीत काळी मूठ अजून आहे, आणि चहाचं पाणीही उकळलेलं असतं. पण ती जागची हलत नाही. तो नाव घेईपर्यंत पडद्याआड स्टुलावर निवांत बसून राहते.